आक्षेप असल्यास ३० दिवसांत कळवावे

मंडळी, आमच्या आईचं लग्न ठरलंय.

डोळे चोळू नका, बरोबर वाचलंत. माझं नाही, आईचं. माझं कधी ठरणार हा आमच्या भावकीतला गेल्या तीन वर्षांचा ज्वलंत प्रश्न आहे, त्याच्याकडे नंतर येतो. तर आईचं वय ५४, नवरदेव ६२. १९५४ सालच्या विशेष विवाह कायद्याखाली रीतसर नोटीस दिली आहे. (देवाब्राह्मणांसमोर लावायचं तर कन्यादान कोण करणार? आजोबा नाहीत. मामा म्हणाला, मला त्यात ओढू नका. उरलो मी. पोराने आईचं कन्यादान करायचं म्हणजे भटजींनाही घाम फुटेल.) ही नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत लागते, आणि लागल्यापासून ३० दिवस कोणीही आक्षेप घेऊ शकतो. अक्षरशः कोणीही.

गंमत अशी की आमच्याकडे आक्षेप नोटिशीच्या आधीच येऊन बसलेत. आत्याचा आहे, दोन्ही चुलत्यांचा आहे, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचा आहे, आणि माझ्या एका कॉलेजमित्राचा तर थेट डॅलसवरून आला. (तो तिथे एका मुलीबरोबर चार वर्षं राहतोय. घरी सांगितलेलं नाही. पण माझ्या आईच्या बाबतीत त्याला 'कल्चर' आठवलं.) प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं उत्तर देऊन माझा घसा बसला. म्हणून म्हटलं, आज शनिवार आहे, सगळ्यांना एकदाच लिहून टाकू.

आधी कायदा. इंजिनियर माणूस मॅन्युअल सगळ्यात शेवटी वाचतो, पण या वेळी मी आधी वाचलं. आक्षेप घ्यायला कारणं लागतात आणि ती ठरलेली आहेत. दोघांपैकी कुणाचा आधीचा नवरा किंवा बायको हयात असेल तर. कुणी संमती देण्याच्या मानसिक अवस्थेत नसेल तर. मुलगा २१ च्या आणि मुलगी १८ च्या आत असेल तर. आणि दोघं निषिद्ध नात्यातले असतील तर. संपली यादी. वयाची खालची मर्यादा आहे, वरची नाही. 'पोराला अवघड वाटतं' हे कारण मी तीनदा शोधलं, सापडलं नाही. 'सूनबाई काय म्हणेल' हेही नाही. उलट आक्षेप वाजवी नसेल आणि खोडसाळपणे घेतला असेल, तर आक्षेप घेणाऱ्याकडून १००० रुपयांपर्यंत भरपाई वसूल करायची सोय आहे.

आत्या, वाचतेयस ना?

आता थोडी पार्श्वभूमी. वडील २०११ साली गेले. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत होते. मी तेव्हा चौदा वर्षांचा. आईने डबे सुरू केले. तळवड्याला, चाकणला कामाला येणारी मराठवाड्यातली, विदर्भातली कंत्राटी पोरं आमच्या देहूत खोल्या घेऊन राहतात, चार-चार जण एका खोलीत. त्यांचे डबे. आठ डब्यांनी सुरुवात झाली, आज चाळीस आहेत. माझी इंजिनियरिंगची डिग्री ही विद्यापीठाने दिली असली तरी फी चपात्यांनी भरलेली आहे.

आषाढीची वारी आई आधी फक्त पुण्यापर्यंत करायची. आकुर्डीचा मुक्काम, मग पुणे, की परत, कारण डबे. मी नोकरीला लागल्यावर ती पहिल्यांदा पूर्ण चालत पंढरपूरला गेली. त्या दिंडीत हे काका. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त, बायको सहा वर्षांपूर्वी गेली, एक मुलगी, ती नाशिकला दिलेली. दिंडीत तंबू आणि पाण्याचा टँकर त्यांच्याकडे. पहिल्याच वर्षी रोटी घाटाच्या चढावर आईचा गुडघा बसला आणि टँकरच्या केबिनमध्ये जागा कुणाला द्यायची यावरून त्यांनी दिंडीचालकाशी भांडण केलं, अशी अधिकृत माहिती आहे.

वारीत सगळे एकमेकांना 'माउली' म्हणतात. लहान-थोर, बाई-बाप्या, सगळे माउली. त्यामुळे काही वर्षं ही दोघं राजरोसपणे फोनवर एकमेकांना 'काय माउली, जेवलात का?' विचारत होती आणि मी शेजारी बसून लॅपटॉप बडवत होतो. मला काही म्हणजे काही कळलं नाही. मी नोकरीत सिक्युरिटीचं काम करतो. याहून चांगलं एन्क्रिप्शन मी पाहिलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी आई मटकी निवडता निवडता म्हणाली, "त्या काकांनी लग्नाचं विचारलंय. मी म्हटलं, पोराला विचारून सांगते."

मी काय म्हणालो असेन? मी, दोन आंतरराष्ट्रीय प्रोजेक्ट केलेला, ऑफिसात महिला दिनाला भाषण ठोकणारा, पुरोगामी वगैरे माणूस?

मी म्हणालो, "आधी माझं होऊ दे. मग बघू."

आई "बरं" म्हणाली आणि मटकी निवडत राहिली.

हा लेख खरं म्हणजे त्या वाक्याविरुद्ध आहे. आत्या, चुलते, किराणावाले हे सगळे नंतरचे. पहिला आक्षेप माझा होता, आणि तो दोन वर्षं टिकला. माझं स्थळ बघताना मुलीकडचे 'घरी कोण कोण?' विचारतात. तिथे 'आई आहे, पण तिचंही बघतोय' असं कसं सांगणार? म्हणून मी आईला माझ्या मागे रांगेत उभं केलं. रांग तर पुढे सरकतच नव्हती. कारण मी २८ वर्षांचा, पगार बरा, पण घर देहूत, आणि मुलींच्या अपेक्षेत वाकड-बाणेर. तर माझ्या न जमणाऱ्या लग्नापायी आईचं जमलेलं लग्न दोन वर्षं पेंडिंग. पंचेचाळिशीत सोशल मीडियावर 'आई म्हणजे त्याग' असं लिहायची तयारी मी तेव्हापासूनच करत होतो म्हणायचं.

फुटलं कसं, तेही सांगतो. निगडीच्या एका कॅफेत एका मुलीला भेटलो. पंधरा मिनिटं आवडीनिवडी झाल्या, मग म्हटलं आज सांगूनच टाकू, नाहीतरी नकार येणारच आहे. सांगितलं. ती कॉफी खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे तुमच्या आईंना तुमच्या आधी स्थळ मिळालं?" आणि इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. मग म्हणाली, "मग थांबवलंय कुणी त्यांना?"

नकार आलाच. कारण दिलं, ऑफिस खराडीला आहे, देहू लांब पडतं. आईचा विषयसुद्धा निघाला नाही. ज्या भीतीपायी मी आईला दोन वर्षं थांबवलं, ती भीती एका कपभर कॉफीत विरघळली आणि शेवटी आडवा आला तो नाशिक फाट्याचा ट्रॅफिक.

असो. आता बाकीच्यांचे आक्षेप, एकेक करून.

आक्षेप पहिला : लोक काय म्हणतील.

लोक म्हणतात. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हाही म्हणाले होते. कर्वे पस्तिशीच्या आसपासचे विधुर होते, गोदूबाई बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकणाऱ्या, तेव्हा साधारण माझ्याच वयाच्या. त्या काळात हे लग्न म्हणजे उशिराचंच. मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. पुढे त्याच माणसाला १९५८ साली भारतरत्न मिळालं. आज पुण्यात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, आणि बहिष्काराचा ठराव करणाऱ्यांच्या नावाची गल्लीसुद्धा कुठे नाही.

आणि तेवढं मागे कशाला जायचं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा आमच्या गावात बंद. राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. त्याच जिल्ह्यात २०२३ साली एका वृद्धाश्रमात सत्तरी गाठलेल्या दोघांचं लग्न लागलं, अख्ख्या महाराष्ट्राने फोटो बघितले, फॉरवर्ड केले, बदाम टाकले. आमच्या भावकीच्या ग्रुपवरही आला होता तो फोटो. आत्याने त्यावर तीन फुलं टाकली होती. दुसऱ्याची आजी नवरी झाली की फुलं, आणि आपली वहिनी झाली की 'शोभतं का?'

आक्षेप दुसरा : या वयात गरजच काय?

हा आक्षेप फक्त बायकांना लागू आहे, हे लक्षात घ्या. पन्नाशीचा विधुर असला तर हीच मंडळी महिन्याभरात म्हणतात, "करून टाका हो, जेवणाचे हाल होतात." काकांनाही म्हणालेच होते. म्हणजे पुरुषाने पुन्हा लग्न करायचं कारण जेवण. आता माझी आई रोज चाळीस जणांचा स्वयंपाक करते, म्हणजे तिच्या जेवणाचे हाल नाहीत, म्हणजे तिला गरज नाही. लॉजिक म्हणून निर्दोष आहे. फक्त एकाने विचारलं नाही, की चाळीस डबे गेल्यावर ती कुणाबरोबर जेवते. मी ऑफिसात असतो. ती ओट्याशी उभी राहून, उरलेल्या भाजीच्या पातेल्यातच चपाती बुडवून जेवते. मी हे कित्येक वर्षं बघितलंय आणि मला त्यात काही खटकलं नव्हतं.

देहूत वाढलेल्या माणसाला आवलीची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. तुकोबा भंडाऱ्यावर जाऊन बसायचे आणि ही बाई ऊन-काटे तुडवत भाकरी घेऊन डोंगर चढायची, अशी परंपरेतली गोष्ट. आपण कीर्तनांतून तिला कजाग ठरवून मोकळे झालो. पण 'जेवलात का' हे विचारायला डोंगर चढून जाणारं माणूस अख्ख्या गावात तेवढंच होतं. माणसाला म्हातारपणी लागतं ते एवढंच, आणि तरुणपणीही याहून फार काही लागत नाही. माझ्या मॅट्रिमोनी प्रोफाइलवर मी 'समजून घेणारी जोडीदार हवी' असं लिहिलंय. मला २८ व्या वर्षी समजून घेणारं माणूस लागतं, आणि आईला ५४ व्या वर्षी नातवंडांचे लंगोट पुरतील, हे मी कुठल्या तोंडाने म्हणणार?

जाता जाता, मी ज्या साइटवर आहे तिथे 'प्रोफाइल कुणासाठी?' असं विचारतात. पर्याय : स्वतः, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, नातेवाईक, मित्र. आई-वडील हा पर्यायच नाही. हा बग नाही, आपल्या सगळ्यांच्या डोक्यातलं स्पेसिफिकेशनच तसं आहे. आमच्या नाटकांनीही तेच शिकवलं. 'नटसम्राट'मधले आप्पा-कावेरी बघून रडायचं, 'संध्याछाया'तले नाना-नानी बघून रडायचं. पन्नाशीपुढच्या माणसाने भोगायचं आणि मुलांनी पहिल्या रांगेत बसून डोळे पुसायचे. त्याने उठून परत संसार थाटला तर आपल्या रडण्याचं काय?

आक्षेप तिसरा : घराचं काय होणार?

हा खरा आक्षेप. पहिले दोन म्हणजे याचे कपडे. आणि खरा आहे म्हणून मी याला हसणार नाही. लग्न झालं की १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवी बायको नवऱ्याच्या मुलांच्या बरोबरीची वारस होते. आई गेली तर तिच्या मालमत्तेत माझ्याबरोबर काकांचा हिस्सा. आपल्या बापाच्या पीएफमधून उभं राहिलेलं घर उद्या तिसऱ्याच्या नावावर जाईल, ही भीती वाटणं यात पाप नाही. फसवणारेही असतात, एकट्या माणसाला हेरून लग्न करणारे.

पण या भीतीवर औषध आहे, आणि त्याचं नाव मृत्युपत्र. साधा कागद, करणाऱ्याची सही, दोन साक्षीदार. नोंदणी सक्तीची नाही, केलेली चांगली. आईने आणि काकांनी दोघांनी केलं. आईचं घर मला, काकांचा फ्लॅट त्यांच्या मुलीला, मागे राहील त्याला त्या फ्लॅटमध्ये मरेपर्यंत राहायचा हक्क, आणि बँकेतली रक्कम ज्याची त्याने एकमेकांना. एका दुपारचं काम. बँकेत नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला असा एक लोकप्रिय गैरसमज आहे, तोही त्याच दुपारी वकिलांनी दूर केला. नाशिकची ताई आणि मी शेजारी बसलो होतो. दोघांच्याही मनात महिनोन्‌महिने जी गाठ होती, ती दीड तासात सुटली. मग चहा झाला.

तेव्हा ज्यांना मालमत्तेची काळजी आहे त्यांनी सरळ वकिलाकडे जावं. मालमत्तेच्या काळजीला 'संस्कार' असं नाव देऊन आईसमोर ठेवू नये. तिला कळतं हो सगळं. ती फक्त बोलत नाही.

आक्षेप चौथा : मग लग्न कशाला, नुसतं राहा की एकत्र.

हा धाकट्या काकांचा. स्वतःला फार आधुनिक समजतात.

पुण्यात माधव दामले यांनी २०१२ साली ज्येष्ठ नागरिकांसाठी लिव्ह इन रिलेशनशिप मंडळ काढलं. आधी ते वाईकडे वृद्धाश्रम चालवायचे, एकटेपणा काय करतो ते तिथे बघितलेलं. ज्येष्ठांची लग्नं मुलांच्या विरोधापायी आणि मालमत्तेच्या भांडणापायी अडतात म्हणून त्यांनी सहजीवनाचा मार्ग धरला. गाठीभेटी, सहली, ओळख वाढवा, पटलं तर एकत्र राहा. त्याआधी अहमदाबादला नटुभाई पटेल यांनी २००१ च्या भूकंपानंतर जोडीदार गमावलेल्यांना एकत्र आणायचं काम सुरू केलं, तिथेही पुढे हाच पर्याय आला. या दोघांबद्दल मला आदरच आहे. ज्यांना लग्नच नको, त्यांनी जरूर तसं राहावं.

माझा मुद्दा वेगळा आहे. ज्यांना लग्न हवंय त्यांना पोरांनी 'त्यापेक्षा लिव्ह इन करा' म्हणायचं, याला मी आधुनिकता म्हणणार नाही. ती काटकसर आहे. एकत्र राहणाऱ्या बाईचं नाव वारस म्हणून लागत नाही. नवऱ्याच्या सरकारी नोकरीचं कुटुंब निवृत्तिवेतन तिला मिळत नाही. लग्नाच्या बायकोला मिळतं, लग्न निवृत्तीनंतर केलेलं असलं तरी. हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगून ठेवलंय. म्हणजे स्वयंपाक, औषधपाणी, रात्रीचं उठणं-बसणं सगळं तिने करायचं आणि कागदावर मात्र ती कोणीच नाही. हे ज्यांना सोयीचं वाटतं ते आधुनिक नव्हेत, हिशेबी आहेत.

(हे १९८९ चं सांगितल्यावर लगेच चुलते म्हणाले, "म्हणजे पेन्शनसाठी करतेय होय!" देवा. करावं तरी पंचाईत, न करावं तरी पंचाईत.)

आणि आता पेन्शन. इथे आक्षेप माझा आहे.

वडील गेल्यावर आईला कर्मचारी पेन्शन योजना १९९५ मधून विधवा पेन्शन सुरू झालं. या योजनेत किमान पेन्शन १००० रुपये, २०१४ पासून. आईचं त्याहून थोडं जास्त, दोन हजारांच्या आत. मलाही मुलाचं म्हणून २५ व्या वर्षापर्यंत मिळत होतं. ते बंद झालं, बरोबरच झालं. पण विधवेचं कधी बंद होतं? ती मेल्यावर. किंवा तिने पुन्हा लग्न केल्यावर. नियमाच्या दृष्टीने या दोन घटना एकाच रांगेतल्या.

ही रांग जुनी आहे. १८५६ साली विद्यासागरांच्या खटपटीने विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला. आपण शाळेत त्याचं वर्ष पाठ करतो, पण त्याचं दुसरं कलम कोणी सांगत नाही. त्यात असं होतं, की विधवेने पुन्हा लग्न केलं की मेलेल्या नवऱ्याच्या मालमत्तेतले तिचे हक्क संपतील, जणू काही तीच त्या क्षणी मेली. लग्न कर बाई, पण आधी मर. १९५६ च्या वारसा कायद्याने हे बदललं. आता नवऱ्याकडून वारशाने आलेला हिस्सा पुन्हा लग्न केलं तरी तिचाच राहतो. १८५६ चा कायदा तर १९८३ मध्ये रद्दच झाला. म्हणजे उद्या लग्न झालं तरी बाबांच्या घरातला आईचा हिस्सा आईचाच. पण त्याच बाबांच्या नोकरीतून आलेलं पेन्शन मात्र गेलं.

नियम लिहिणाऱ्यांचा युक्तिवाद मला माहीत आहे : आता नवा नवरा पोसेल. अहो, पण हे पोसणं नव्हेच. कंपनीच्या वाट्यातले पगाराचे ८.३३ टक्के दर महिन्याला त्या फंडात जात होते. माझ्या बापाने उभं राहून, तीन पाळ्या करून मिळवलेले पैसे आहेत ते. त्याच्या बायकोने नंतर कुणाबरोबर जेवायचं ठरवलं, याच्याशी फंडाचा काय संबंध? कागदावर हा नियम विधुरालाही सारखाच लागतो, हे खरं. पण त्या पिढीत कारखान्यात नोकरीला कोण होतं आणि मागे कोण उरलं, हे आमच्या औद्योगिक पट्ट्यात कोणालाही विचारा. नवऱ्याचं स्वतःच्या नोकरीचं पेन्शन दहा लग्नं केली तरी चालू राहतं. केंद्र सरकारने आपल्या नोकरांपुरता नियम २००६ पासून थोडा सैल केला, तोही फक्त निपुत्रिक विधवेसाठी आणि वर उत्पन्नाची अट. आईला मूल आहे. म्हणजे बाबा सरकारी नोकरीत असते तरी मीच आडवा आलो असतो. कुठेही जा, मीच आडवा.

हयातीचा दाखला आता घरबसल्या देता येतो. आईचा मी देतो. त्यात पुनर्विवाह झाला आहे का, असाही एक प्रश्न असतो. मी दरवर्षी 'नाही' दाबून पुढे जायचो. गेली दोन वर्षं तो प्रश्न आला की माझं बोट थांबायचं, कारण 'नाही'चं कारण मी होतो. आई शेजारी पदराला हात पुसत विचारायची, "झालं का रे?" झालं, म्हणायचो.

काही बायका यावर उपाय काढतात : देवळात हार घालायचे, नोंदणी करायची नाही, पेन्शन चालू ठेवायचं. आईला मी ते सुचवलंही. ती म्हणाली, "चोरून करायचं असतं तर तुला विचारलं कशाला असतं?" दोन हजार रुपये सोडायला ती तयार आहे. मी तयार नाही, पण अर्ज तिचा आहे. विधवेने लग्न केलं की पेन्शन बंद हे कलम जावं, एवढीच माझी मागणी आहे. किमान हजार रुपयांसाठी बायकांना एकटं राहायला लावणाऱ्या आणि त्याला सामाजिक सुरक्षा म्हणणाऱ्या नियमाचा बचाव कुणाला करायचा असेल तर जरूर करा, मी ऐकायला तयार आहे.

तर मंडळी, नोटीस लागलेली आहे. कारणं वर दिलेली आहेत, चारच आहेत. त्यातलं एखादं बसत असेल तर ३० दिवसांत विवाह अधिकाऱ्यांना लेखी कळवा. बाकी आक्षेप आमच्याकडे आणू नका, आम्ही कामात आहोत.

आणि माझ्या वयाची जी पोरं-पोरी हे वाचतायत, ज्यांच्या घरी आई किंवा बाप एकटा आहे, त्यांनी एक काम करा. त्यांनी येऊन आपली परवानगी मागायची वाट बघू नका. त्यांना आपली परवानगी लागत नाही, आणि हे त्यांना आपणच सांगायला पाहिजे. मला ते सांगायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत दोन वाऱ्या गेल्या, दोन दिवाळ्या गेल्या आणि त्या परत कुठून आणू ते मला माहीत नाही.

या लग्नाला तीन साक्षीदार लागतात. पहिली सही माझी, दुसरी नाशिकच्या ताईची. तिसरी जागा मोकळी होती. काल रात्री आत्याचा फोन आला. पाच मिनिटं रागावली, वहिनीने मला आधी का नाही सांगितलं म्हणून. मग विचारलं, "आधार कार्ड ओरिजिनल लागतं का झेरॉक्स चालेल?"

लग्न बीज झाल्यावर. तारीख कळवतो. त्या दिवशी दुपारचे डबे बंद राहतील, पोरांनी आपापली सोय बघावी. किंवा जेवायलाच यावं.